चार दिवसांचा उशीर

मेहकरच्या बसस्टँडसमोर एका कृषी सेवा केंद्राच्या माडीवर प्रेमानंद अवसरमोल यांचं ऑफिस होतं. जिना इतका अरुंद की वरून कुणी उतरत असेल तर खालच्याला थांबावं लागे. पाटीवर नावाखाली ‘बी.कॉम., आयकर सल्लागार’ एवढंच लिहिलेलं. तरी लोक त्यांना वकीलसाहेब म्हणत. ‘मी वकील नाही’ असं त्यांनी पहिली काही वर्षं सांगून पाहिलं, मग नाद सोडला.

मूळ गाव सुलतानपूर. वडील कचरू गावचे कोतवाल. तहसीलचे कागद या गावाहून त्या गावाला पोचवण्यात त्यांची हयात गेली, पण त्यातलं अक्षर त्यांना कधी वाचता आलं नाही. प्रेमानंद दहावीनंतर नांदुऱ्याला एका कापूस व्यापाऱ्याकडे वजनं लिहायला लागले. तिथे वर्षातून दोनदा खामगावहून एक आयकराचे वकील यायचे. ते आले की शेठ गादीवरून उठून उभा राहायचा. गाठ पैशाची शेठकडे आणि मान मात्र त्या कागदवाल्या माणसाला, हे प्रेमानंदांच्या मनात पक्कं बसलं. बाहेरून परीक्षा देत बी.कॉम. केलं, कायद्याची जाडजूड पुस्तकं जुन्या बाजारातून आणली आणि १९९१ साली मेहकरात खोली घेतली.

पहिली सहा वर्षं फार वाईट गेली. व्यापारी जिना चढून यायचे, चहा प्यायचे, नाव विचारायचे, गाव विचारायचे, मग आडनाव विचारायचे आणि ‘पाहू’ म्हणून उतरून जायचे. आपल्या कमाईचे कागद या माणसाच्या हाती द्यायचे का, हे त्या ‘पाहू’मध्ये असायचं. प्रेमानंद ते ओळखून होते. घरी आल्यावर बायकोला, सिंधूताईंना, एवढंच म्हणायचे, “आपल्याले चुकाची मुभा नाई. दुसरा चुकला त एकटा चुकते. आपन चुकलो त लोक साऱ्या वस्तीचं नाव घेतीन.”

सत्त्याण्णव साली डॉ. गोपाळ किन्हीकर मेहकरात आले. हाडांचे डॉक्टर, वाशीमचे, दोन भाड्याच्या खोल्यांत दवाखाना. त्यांनाही गावात कुणी ओळखत नव्हतं. त्यांनी आडनाव विचारलं नाही. पिशवीभर पावत्या टेबलावर ओतल्या आणि म्हणाले, “अवसरमोल, मला यातलं काही कळत नाही. तुम्हीच बघा.”

ती फाइल प्रेमानंदांनी जिवापाड सांभाळली. किन्हीकरांसारखा डॉक्टर येतो म्हटल्यावर मग शिक्षक आले, बँकेतले कारकून आले, दोन-चार व्यापारीही आले. दवाखान्याचं तीन मजली हॉस्पिटल झालं. पुढे नियमाप्रमाणे हिशेबतपासणीची सही अकोल्याच्या सी.ए.ची लागू लागली, पण बाकी सगळं प्रेमानंदांच्याच हातात राहिलं. सिंधूताईंचा हात मोडला तेव्हा डॉक्टरांनी पैसे घेतले नाहीत. डॉक्टरांच्या मुलाच्या, सोहमच्या, लग्नात प्रेमानंदांना घरच्या माणसांच्या पंगतीला बसवलं. सत्तावीस वर्षं अशी गेली.

कायदा दरवर्षी थोडा थोडा बदलायचा. प्रेमानंदांना त्याची सवय होती. फेब्रुवारीत बजेट झालं की ते अकोल्याच्या कार्यशाळेला जायचे आणि कागदांवर पेन्सिलीने रेघा मारून आणायचे. कलमं त्यांना तोंडपाठ होती. कुणी पोरीच्या शिक्षणाच्या कर्जाचं विचारलं की पुस्तक न उघडता कलमाचा आकडा सांगायचे. एवढ्यात नवी करपद्धत आली. दर कमी, पण सवलती जवळजवळ काहीच नाहीत. आधी ती हवी त्याने निवडायची होती. मग सरकारने उलटं केलं. आता नवी पद्धत आपोआप लागू, आणि जुनी हवी असेल तर तसं कळवायचं. नोकरदाराने विवरणपत्रातच खूण करायची. ज्याचा स्वतःचा व्यवसाय आहे त्याने मात्र वेगळा फॉर्म भरायचा, आणि तोही मुदतीच्या आत.

प्रेमानंदांच्या दीडशे फायलींपैकी बहुतेक सगळ्या नोकरदारांच्या. वेगळा फॉर्म लागेल आणि जुन्या पद्धतीत खरोखर फायदा होईल अशी फाइल एकच, किन्हीकरांची. त्या वर्षी डॉक्टरांचं उत्पन्न साडेअठ्ठावन्न लाख झालं होतं. पन्नास लाखांच्या वर गेलं की करावर आणखी दहा टक्के अधिभार बसतो. पण सोहमच्या शिक्षणासाठी डॉक्टरांनी मोठं कर्ज काढलं होतं. त्याचं व्याज, घराच्या कर्जाचं व्याज, विमा, गुंतवणूक हे सगळं जुन्या पद्धतीत वजा केलं की उत्पन्न पावणेपन्नास लाखांवर यायचं. म्हणजे अधिभार नाहीच. प्रेमानंदांनी हे गणित तीनदा केलं आणि त्यांना मनातून फार समाधान वाटलं. रेघेच्या अगदी पंचवीस हजार खाली. असं काम रोज हाती येत नाही.

अडत होता एकच कागद, शिक्षणकर्जाच्या व्याजाचा दाखला. मुदत पंधरा नोव्हेंबरपर्यंत वाढलेली होती. डॉक्टर दिवाळी झाल्यावर कुटुंबासह केरळला गेले होते. तेरा तारखेला दुपारी त्यांचा फोन आला. खाली बसस्टँडवर निवडणुकीची प्रचारगाडी ओरडत होती, म्हणून प्रेमानंदांनी खिडकी लावून घेतली.

“अवसरमोल, तो बँकेचा दाखला राहिलाय ना? मॅनेजरला फोन करून मोबाइलवर मागवून घेऊ का?”

“राहू द्या साहेब. फिरायला गेलात, फिरा निवांत.”

“मुदत परवा आहे म्हणत होता तुम्ही.”

“चार दिवस इकडे-तिकडे चालतं. फार तर पाच हजार लेट फी. आजवर कितीकांचं केलंय.”

डॉक्टर हसले. “तुम्ही म्हणताय तर ठीक.”

अठराला डॉक्टर आले, दाखला आला. एकोणीस तारखेला प्रेमानंदांनी आधी तो वेगळा फॉर्म भरला, मग विवरणपत्र. संगणकाने दोन्ही मुकाट्याने घेतले. हिरवी खूण आली, पोचपावती आली. त्यांनी ती छापून फायलीत लावली आणि घरी गेले.

मार्चमध्ये डॉक्टरांच्या सूनबाईंनी, रेवतीने, फोन केला. हॉस्पिटलचा कारभार आता तीच बघायची. “काका, आयकरचं एक पत्र आलंय. बाबा म्हणतात तुम्ही येऊन जा.”

पत्रात जुनी पद्धत नाकारली होती. सगळ्या वजावटी काढून टाकलेल्या, उत्पन्न पुन्हा साडेअठ्ठावन्न लाख, त्यावर अधिभार, आणि व्याज धरून साडेतीन लाखांच्या वर मागणी. प्रेमानंदांनी पत्र दोनदा वाचलं. “यंत्राची चूक दिसते,” ते म्हणाले. “बघतो मी.”

ऑफिसात येऊन त्यांनी अकोल्याच्या कार्यशाळेतले कागद काढले. सातव्या पानावर ती ओळ होती. विवरणपत्राच्या मुदतीच्या आत फॉर्म भरला नाही, तर त्या वर्षी जुनी पद्धत मिळणार नाही. ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती, त्यांच्याच हाताची. समासात बारीक अक्षरात त्यांनी ‘महत्त्वाचे’ असंही लिहिलं होतं.

माहीत नव्हतं असं म्हणायचीसुद्धा सोय उरली नव्हती. वाचलं होतं, समजलंही होतं, पण ते डोक्यातून हातात उतरलं नव्हतं. तीस वर्षं उशीर म्हणजे दंड, दंड भरला की विषय संपला, हेच हाताला ठाऊक होतं. आता उशीर झाला की निवडीचा हक्कच जातो, हे त्या हाताला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते हॉस्पिटलला गेले. डॉक्टरांनी सकाळचे पेशंट आटपले होते. पत्र बाजूला सरकवून ते म्हणाले, “बँकेनं दाखला उशिरा दिला, त्यामुळं झालं हे. नाही का? तसं लिहून बघू या का त्यांना?”

वाट मोकळी होती. प्रेमानंदांनी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर कुणी खोदून विचारलं नसतं. रेवती दाराशी उभी राहून ऐकत होती.

“नाही साहेब,” ते म्हणाले. “तुम्ही दाखला मोबाइलवर मागवतो म्हणाला होता. मीच नको म्हटलं. चूक माझी आहे.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. “बरं,” एवढंच म्हणाले.

प्रेमानंदांनी उशीर माफ व्हावा म्हणून वरच्या कार्यालयाला अर्ज केला. असा सुरेख अर्ज त्यांनी जन्मात लिहिला नव्हता. सगळी विवरणपत्रं आजवर वेळेत आहेत, कर कधी बुडवला नाही, चार दिवसांचा उशीर सल्लागाराच्या गैरसमजामुळे झाला, करदात्याचा दोष नाही. ‘सल्लागाराच्या गैरसमजामुळे’ हे शब्द लिहून ते थोडा वेळ थांबले होते. मग तसेच ठेवले. अकोल्याला तीन चकरा झाल्या. तिथला अधिकारी सभ्य होता. पाणी विचारलं, अर्ज पूर्ण वाचला आणि म्हणाला, “काका, मला पटतंय हो. पण कायद्यात मला वावच नाही.” सात महिन्यांनी उत्तर आलं. तीन ओळींचं. अर्ज नामंजूर.

डॉक्टरांनी दरम्यान पैसे भरून टाकले होते.

त्या संध्याकाळी प्रेमानंदांनी सिंधूताईंना सांगितलं, “ठेव मोडतो म्हनतो. कराचा फरक तीन लाख सात हजार आहे. तेवढा त आपन देल्ला पायजे.”

सिंधूताई भाकरी थापत होत्या. हात थांबला. “वरची खोली बांधाचे पैसे हायेत ते.”

“माहीत आहे मले.”

“डॉक्टरसाहेबानं मांगतले?”

“नाई मांगतले.”

“मंग कायले देता? सत्तावीस वर्सं तुमी त्याह्यचं काम केलं. तवा कोन्या एका कागदाले चुकला काय?”

“म्हनूनच देतो,” प्रेमानंद म्हणाले. सिंधूताईंनी पुढे वाद घातला नाही. तव्यावरची भाकरी करपली तेवढी.

चेक घेऊन ते गेले तेव्हा मनात एक गोष्ट होती, जी त्यांनी बायकोपासूनच काय, स्वतःपासूनही लपवली होती. डॉक्टर चेक घेणार नाहीत असं त्यांना वाटत होतं. डॉक्टर हात जोडतील, म्हणतील, अवसरमोल, वेडे आहात का, ठेवा तो खिशात. मग चहा येईल, आणि हे सगळं मागे पडेल.

डॉक्टरांनी चेक हातात घेतला. आकडा पाहिला, तारीख पाहिली. ड्रॉवर उघडून आत ठेवला.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “व्याजाचं राहू द्या.”

चहा आला. दोघांनी घेतला. या वर्षी सोयाबीनला भाव नाही, म्हणून पेशंट ऑपरेशन पुढे ढकलतात, असं काहीतरी डॉक्टर बोलले. प्रेमानंद मान डोलवत राहिले. बाहेर पडले तेव्हा त्यांना डॉक्टरांचा राग आला नव्हता. पैसे चुकीचे घेतले असंही वाटलं नव्हतं. लाज वाटत होती ती स्वतःची. द्यायला गेलो म्हणत होतो, पण खरं तर परत घेऊन यायला गेलो होतो.

तिसऱ्या दिवशी चेक वटल्याचा मेसेज आला.

पुढच्या आठवड्यात रेवती स्वतः ऑफिसात आली. अरुंद जिना चढताना तिला दम लागला होता. तिने चपला बाहेर काढल्या, पाणी घेतलं आणि अवघडून म्हणाली, “काका, सोहमचं म्हणणं पडलं की आता सगळं एकाच ठिकाणी, अकोल्याच्या सी.ए.कडे द्यावं. कायदा फार गुंतागुंतीचा झालाय. मागच्या वर्षांच्या फायली मिळतील का?”

“मिळतील की.”

त्यांनी फायली उतरवल्या. धूळ नव्हतीच, तरी प्रत्येक फडक्याने पुसली. सत्त्याण्णवची पहिली फाइलही दिली. तिच्यात त्या पिशवीतल्या पावत्या वर्षाप्रमाणे लावून ठेवलेल्या होत्या.

“इतकी जुनी नको काका.”

“असू द्या. तुमचीच आहे.”

गाव लहान. कुणी मुद्दाम काही पसरवलं नसेल, पण पसरलं. दोन व्यापारी त्या हंगामात आलेच नाहीत. बँकेतल्या एका कारकुनाने रस्त्यात थांबवून विचारलं, “डॉक्टरचे तीन लाख बुडाले म्हणतात तुमच्यापायी, खरं हाय का?” प्रेमानंदांनी हो म्हटलं. त्या माणसाच्या ओठांवर पुढे आणखी काहीतरी आलं होतं. त्याने ते गिळलं, पण काय असावं हे प्रेमानंदांना कळलं. पस्तीस वर्षं ज्या वाक्याला ते भीत होते, ते त्या माणसाने न बोलताच त्यांच्या कानात सोडलं.

मोठी फाइल गेली ती चुकीने गेली. लहान फायली तर कुणाच्याच चुकीशिवाय जाऊ लागल्या. नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत कर नाही, असं बजेटात आलं होतं. उत्तमराव हे निवृत्त मुख्याध्यापक, वीस वर्षांपासूनचे अशील. जानेवारीत ते पेढे घेऊन आले. नातवाला नोकरी लागली होती.

“साहेब, एक विचारू काय?” ते म्हणाले. “माह्या पेन्शनले आता काही टॅक्सच नाही. विम्याची पावती नाही, बचतीची पावती नाही, काहीच दाखवा लागत नाही. मोबाइलच्या दुकानातला पोरगा दोनशे रुपयात भरून देते म्हने. मंग तुमच्याकडं यायचं काऊन?”

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. खरंच विचारत होते.

“नका येऊ,” प्रेमानंद म्हणाले. “त्याच्याकडूनच भरून घ्या. फक्त जुलै संपायच्या आत भरा म्हणावं.”

उत्तमरावांना वाईट वाटलं. “तसं नाई हो, येईन मी,” असं म्हणत ते जिना उतरले.

फेब्रुवारीत अकोल्याला पुन्हा कार्यशाळा होती. एक एप्रिलपासून आयकराचा नवा कायदाच येणार होता. साठ-पासष्ट वर्षांचा जुना कायदा संपून त्या जागी नवा. शिकवणारी मुलगी तिशीची असेल. ती झपझप सांगत गेली. बचतीची वजावट, जिला आपण ऐंशी-सी म्हणतो, ती आता एकशे तेवीस. शिक्षणकर्जाचं व्याज ऐंशी-ई, ते आता एकशे एकोणतीस. आकारणी वर्ष हा शब्दच गेला, आता नुसतं कर वर्ष. सभागृहातली तरुण पोरं मोबाइलवर फोटो काढत होती. प्रेमानंदांनी पेन्सिल काढली, पहिल्या पानावर दोन रेघा मारल्या, आणि मग हात थांबला. कुठल्या ओळीखाली रेघ मारावी हेच सुचेना. सगळंच महत्त्वाचं दिसत होतं. आणि रेघ मारून काय होतं, हे आता त्यांना ठाऊक होतं.

कायदा कठीण नव्हता. खरं तर आधीपेक्षा सोपा लिहिला होता. वाक्यं लहान होती, कोष्टकं सुटसुटीत होती. पण त्यांनी तारुण्यातली पंधरा वर्षं घालून डोक्यात जे बसवलं होतं, ते सगळे आकडे आता नुसते आकडे झाले होते. जेवणाच्या सुटीत ते पिशवी घेऊन उठले आणि मेहकरच्या बसला बसले.

मार्चअखेर त्यांनी खोली सोडली. उरलेल्या फायली ज्याच्या त्याच्या घरी नेऊन दिल्या. काहींनी आत बोलावलं, काहींनी दारातच घेतल्या. पाटी कृषी सेवा केंद्राच्या मालकाने काढून दिली, ‘भिंतीचा रंग आता दोन जातींचा दिसतो’ म्हणाला, आणि मग शब्द चुकला असं वाटून उगाच हसला. मुलगी समता नांदुऱ्याला रेल्वेत तिकीटखिडकीवर होती. ती म्हणाली, “बाबा, इकडे या आता दोघंही.” ते ‘पाहू’ म्हणाले.

एप्रिलच्या उन्हात सिंधूताईंचा गुडघा धरला. जमिनीवरून उठताना भिंतीचा आधार लागायला लागला. आठ दिवस त्यांनी तेल चोळलं. मग एका सकाळी प्रेमानंद पिशवी घेऊन तयार झाले आणि म्हणाले, “चाल, चिखलीले दाखवून येऊ.”

“चिखलीले?” सिंधूताई म्हणाल्या. “इथं हाडाचा दवाखाना दहा मिनिटावर असतांनी?”

प्रेमानंदांनी चपला पायात सरकवल्या. सिंधूताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि लुगड्याचा पदर नीट केला.

बसमध्ये बसायला जागा मिळाली. पाय दुमडता येईना म्हणून सिंधूताईंनी तो बाजूला सरळ सोडला. येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागू नये म्हणून प्रेमानंद मध्ये हात आडवा धरून बसले. अर्धा रस्ता सरला.

“तुमी ‘बँकेनं उशीर केला’ म्हनले असते त?” सिंधूताईंनी अचानक विचारलं.

“त फाइल राह्यली असती.”

“आन मंग?”

प्रेमानंद बाहेर बघत होते. रस्त्याकडेची शेतं नांगरून पडली होती. “मंग आपन आज तिथंच गेलो असतो,” ते म्हणाले. “त्यानं पैसे घेतले नसते.”

बस खड्ड्यातून गेली तशी सिंधूताई कळवळल्या, आणि प्रेमानंदांनी हात आणखी घट्ट धरला.